डाव्या बाजूच्या सोंगट्या

सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९

लुईस सरांच्या क्लासमध्ये आज टेस्टचे पेपर मिळाले. पन्नासपैकी एकोणीस. दोन वस्तू तिरक्या आदळतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात, तो दहा मार्कांचा प्रश्न मी कोरा सोडला होता. अकरावीला हा धडा मी ऑप्शनला टाकला होता. तेव्हा सगळ्या वर्गानेच टाकला होता, पण बाकीच्यांनी मागाहून गुपचूप केला असणार, कारण आज तोंड फक्त माझंच उतरलं होतं. सर म्हणाले, "क्षितिजा, इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेत ऑप्शन नसतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी भित्री आहे हे आमच्या घरात जाहीर आहे. पालीला भिते, इंजेक्शनला भिते, विरारच्या फाटकात रूळ ओलांडताना आईचा हात धरते. पण हे भय वेगळं आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकले. 'संवेग अक्षय्यता' म्हटलं की समजतं, 'कॉन्झर्व्हेशन ऑफ मोमेंटम' म्हटलं की मी पान उलटते. त्यात तिरक्या टकरीत तो संवेग दोन दिशांना मांडायचा, सरळ वेगळा, आडवा वेगळा, आणि वर गतिज ऊर्जेचं तिसरं समीकरण. समीकरणं तीन, अज्ञात चार. पाचवी अज्ञात बहुतेक मीच.

पेपर बाबांना दाखवावा लागला. बाबा वसईगावातल्या एका शाळेची मिनीबस चालवतात. पहाटे विरारच्या आमच्या मनवेलपाड्याहून निघून निर्मळ, भुईगाव, गिरीज असं करत मुलं गोळा करतात. शिक्षण आठवीपर्यंत. त्यांनी मान जरा वळवून आकृती पाहिली आणि म्हणाले, "हे तर कॅरम आहे. यात घाबरायचं काय?"

मग पलंगामागून बोर्ड काढला. गेल्या गणपतीनंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. बाबा तरुणपणी गुहागरला मंडळाच्या स्पर्धा मारायचे. आईने शिलाई मशीनवरून मान वर करून विचारलं, "आता तुम्ही हिला बारावी शिकवणार?" बाबा म्हणाले, "रोज खेळायचं. माझाही हात बघतो कसा आहे."

बुधवार, २४ नोव्हेंबर

आज मला एक गोष्ट कळली आणि ती खरी निघाली. स्ट्रायकर बाजूला ठेवून एका सोंगटीने दुसरीला तिरकं मारलं. वजन सारखं, दुसरी स्थिर. पावडर मुद्दाम जास्त टाकली होती, तिच्यात दोघींच्या वाटांच्या रेघा उमटल्या. कोनमापक लावला तर दोन रेघांमध्ये जवळजवळ काटकोन. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. पुस्तकात हेच लिहिलंय: वजनं सारखी आणि ऊर्जा वाया गेली नाही, तर दोघी काटकोनातच पांगतात, तिरकी टक्कर कशीही होवो. ऊर्जा थोडी वाया जाते म्हणून कोन जरासा कमी भरतो.

मला इतकं हलकं वाटलं की मी आईला उठवून रेघा दाखवायला नेलं. आई म्हणाली, "पावडर कोण पुसणार?"

चहा ओतताना बाबांनी कपाच्या डावीकडे बशीत धार सोडली. आई फडकं घेऊन आली. हल्ली ते फडकं तिच्या खांद्यावरच असतं.

रविवार, २८ नोव्हेंबर

आता स्ट्रायकर आणि सोंगटी. स्ट्रायकर पंधरा ग्रॅम, सोंगटी पाच. वाण्याकडच्या तराजूवर करून आणलं, तो मला वेडी समजला असावा.

पद्धत अशी. खडूने सोंगटीची जागा ठरवायची. तीच जागा उजवीकडे, तीच डावीकडे. बाबांनी दोन्हीकडे सारखाच कट मारायचा, मी रेघा मोजायच्या. सरळ दिशेचा संवेग आधी जेवढा, नंतर दोघांचा मिळून तेवढाच. आडवा आधी शून्य, म्हणून नंतर स्ट्रायकर जेवढा एकीकडे ढकलला जातो तेवढीच सोंगटी दुसरीकडे. मांडायला लागलं की ते खरंच सोपं आहे.

उजवीकडचे आकडे गणिताशी जुळले. डावीकडचे एकही नाही. डावीकडे बाबांचा स्ट्रायकर सोंगटीला दरवेळी जास्त जाड, म्हणजे कडेऐवजी मधोमध लागतो आणि सोंगटी खड्ड्याच्या अलीकडून निघून जाते. मी मारलं तेव्हा दोन्हीकडे चुकलं, पण मला खेळताच येत नाही, त्यामुळे माझे आकडे धरले नाहीत.

बाबांनी प्रत्येक डाव्या फटक्यानंतर विचारलं, "किती गेली?" मी म्हटलं, "चार अंश." ते म्हणाले, "काल किती होती?" माझ्या अभ्यासात त्यांनी एवढा रस याआधी कधीच घेतला नव्हता.

मला आता पुन्हा धास्ती वाटायला लागली आहे. आकडे जुळत नाहीत म्हणजे मला काहीतरी मुळातच समजलेलं नाही.

शनिवार, ४ डिसेंबर

वसईच्या बाजारातून जुनं गाईड आणायचं होतं म्हणून बाबांच्या बसमधून गेले. पुतळाबाई म्हणजे बसमधल्या बाई. मुलांना चढवतात, उतरवतात, दप्तरं धरतात. खाडीकडच्या शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत. त्या डाव्या दारात उभ्या राहतात आणि पत्र्यावर थापा मारतात. एक थाप म्हणजे सायकल, दोन म्हणजे रिक्षा, तळहाताने धरून ठेवलं म्हणजे थांबा. वर तोंडाचा पट्टा वेगळाच. "डावीकडं केलीवाला हाय, येऊ द्या त्याला. आता घ्या. हलू, हलू."

मी हसून विचारलं, "पुतळाबाई, ही कुठली भाषा?"

"आमची दोगांची हाय," त्या म्हणाल्या. "तुजा बापूस शिकला गनपतीपासून."

उतरताना त्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "बाय, सोमवार टाकून पुढच्या सोमवारपासून मी नाय. माझ्या पोरीचं, निधीचं लगीन हाय, आठवडाभर घरी. शाळावाले दुसरी बाई देत नाय म्हनतात. त्या दिवशी तुजा बापूस सुट्टी काढनार ना? मुंबईला जायचं बोललेला."

मी म्हटलं, मला माहीत नाही. घरी आल्यावर आईला विचारलं. आई म्हणाली, परळच्या हॉस्पिटलात जायचंय, साखर तपासायला. म्हणजे बाबांना साखर आहे की काय, ही आणखी एक काळजी.

मंगळवार, ७ डिसेंबर

सापडलं. बोर्ड तिरका आहे.

दुसरं काही असूच शकत नाही. फरक एकाच बाजूला येतो म्हणजे बोर्डाची उजवी बाजू खाली असणार, स्ट्रायकर तिकडे जरासा सरकत असणार. बाबा बस लावून यायच्या आत लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घडी करून उजव्या दोन कोपऱ्यांखाली घातला. दिसत नाही, स्टुलावर चादर आहे.

बाबा आले, खेळायला बसले आणि डावीकडची पहिली सोंगटी सरळ खड्ड्यात. दुसरीही. तिसरीला बाबा थांबले, बोटं पुसली, पुन्हा मारली. आत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोन मोजला. गणितापेक्षा अर्ध्या अंशाचाही फरक नाही. उजवीकडचं आधीच जुळलं होतं, म्हणून तिकडे मारलंच नाही.

पुठ्ठ्याचं सांगितलं नाही. सांगितलं तर ते म्हणतील, एवढे दिवस चुकीच्या बोर्डावर मोजत होतीस. एकोणीस मार्कांनंतर तेवढी अब्रू मला राखायची आहे.

गुरुवार, ९ डिसेंबर

बाबा आज जिलब्या घेऊन आले. कारण विचारलं तर म्हणाले, "सहज."

काल आणि आज मिळून डावीकडच्या दोनच चुकल्या. बाबा गुणगुणत होते. खिशातून डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून त्यांनी ती उजेडात धरली आणि आईला म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो ना. धुळीमुळेच होतं. थेंबांनी साफ झालं. सोमवारची सुट्टी रद्द करतो."

आई म्हणाली, "तरी एकदा दाखवून या."

"कशाला? तिकडे दिवसभर बसवतात, आणि नाही नाही ते कागदावर लिहून देतात. पोरीच्या आकड्यांवर विश्वास आहे माझा."

 आईने जिलबी तोडून अर्धी मला दिली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल दिसला. मलाही बरं वाटलं, घरात माझ्या गणितावर कोणीतरी खूश आहे.

शुक्रवार, १० डिसेंबर

सरांनी आज जड वस्तू हलक्या वस्तूवर आदळते ते शिकवलं. जड वस्तूची वाट एका ठरावीक कोनापेक्षा जास्त वळूच शकत नाही. त्या कोनाचा साइन म्हणजे हलकीचं वजन भागिले जडचं वजन. स्ट्रायकरला ते एक तृतीयांश, म्हणजे साडेएकोणीस अंश. आमच्या बोर्डावरचा एकही स्ट्रायकर त्यापुढे वळलेला नाही. मी हात वर करून सांगितलं आणि सर चक्क "वा" म्हणाले.

मग त्यांनी घरी करायला दिलं: कोणतीही दोन वाहनं घ्या. मी बाबांची बस घेतली, मुलांसकट पाच हजार किलो धरली, आणि सायकलवरचं एक मूल, पन्नास किलो. साइन म्हणजे शंभरात एक. कोन अर्ध्या अंशाच्या किंचित वर. सायकलीचा वेग मात्र बसपेक्षाही जास्त होऊ शकतो. संवेग दोघांत सारखाच बदलतो, पण ते बसला समजतसुद्धा नाही.

उत्तर बरोबर आलं, तरी वही मिटून ठेवली. दुसरी वाहनं घ्यायला हवी होती.

बस फुलपाड्याच्या मैदानात उभी असते. क्लासहून येताना पाहिलं, डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर लांब ओरखडा आहे, त्यात हिरवा रंग. बाबांना विचारलं. म्हणाले, "कोणीतरी घासून गेलं असेल. मला काही लागल्याचं कळलं नाही."

रविवार, १२ डिसेंबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

क्लास सुटल्यावर सरांना माझे सगळे आकडे दाखवले. मला शाबासकी हवी होती. पुठ्ठ्याची युक्तीही फुशारकीने सांगितली. सरांनी पानं मागेपुढे केली. मग म्हणाले, "पुठ्ठा घातल्यावर तुझे स्वतःचे कोन सुधारले का?"

मी म्हटलं, "नाही सर. माझे बिघडले. आता सगळे डावीकडेच जातात."

"मग बोर्ड आधी सरळ होता. आता तू तो तिरका केलास."

"पण बाबांचे सुधारले."

"तेच तर. चूक दोन्हीकडे होत असेल तर ती हाताची. कायम एकाच बाजूला होत असेल तर तिला काहीतरी कारण असतं. बोर्डात नसेल तर खेळणाऱ्यात बघ." एवढं बोलून ते दुसऱ्या मुलाकडे वळले. त्यांना माझे बाबा माहीत नाहीत, बसही माहीत नाही.

मनवेलपाड्यापर्यंत चालत आले. वाटेत एकेक गोष्ट समोर येत गेली. बशीतला चहा. दाराच्या चौकटीला आपटणारा डावा खांदा. आई डावीकडून जवळ गेली की दचकणं. पुतळाबाईंच्या थापा. थेंब. ओरखडा. सगळं डाव्या बाजूचं. आणि मी कोनमापक घेऊन रोज समोर बसले होते.

घरी बाबा टीव्ही बघत होते. मी त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूने हळूच हात पुढे आणला. गालापाशी. डोळ्यापाशी. हात नाकाच्या रेषेत आला तेव्हा ते म्हणाले, "काय गं?"

मी म्हटलं, "माशी होती."

ते आंघोळीला गेले तेव्हा पुठ्ठा काढला. नंतर खेळलो. डावीकडच्या चार मारल्या, चारही चुकल्या. बाबा बोर्डाकडे बघत बसले. आधी एक तळवा डोळ्यावर ठेवला, मग दुसरा. त्यांचा चेहरा इतका पडला की माझ्याने बघवेना. ते पाणी प्यायला उठले आणि मी पुठ्ठा परत आत सारला. हे मी केलं. आल्यावर त्यांनी तीन ओळीने घेतल्या. "हात गरम व्हायला वेळ लागतो," ते म्हणाले, आणि हसले.

आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "बाबांना डावीकडचं दिसतं ना?" तव्यावरची पोळी उलटायची तशीच राहिली. "तुला कोणी सांगितलं?" मग म्हणाली, "थेंबांनी बरं झालंय ना आता. तूच तर मोजलंस."

तूच तर मोजलंस. मला तिथेच सांगायचं होतं. पण सांगितलं तर लायसन जाणार, बस जाणार, आणि ते माझ्यामुळे. नाही सांगितलं तर उद्या सकाळी बाबा निघणार. पुतळाबाई नाहीत. डाव्या दारात कोणी नाही, आणि बसभर मुलं.

मी काहीच सांगितलं नाही. मला कशाकशाची भीती वाटते ते मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आले. पाल म्हणजे काहीच नाही.

सोमवार, १३ डिसेंबर, पहाटे

बाबांना सांगितलं, कॉलेज बंद आहे, पुतळाबाईंच्या जागी मी येते. त्यांना आनंद झाला.  निघतोय.

सोमवार, १३ डिसेंबर, संध्याकाळी

आधी काय झालं ते ओळीने लिहिते.

डाव्या दारात उभी राहिले. निर्मळपर्यंत रस्त्यावर फारसं कोणी नव्हतं. नंतर वाड्या सुरू झाल्या. दोन्हीकडे केळी, मध्ये एक बस कशीबशी जाईल एवढा रस्ता, आणि कुठल्याही वाडीतून कोणीही बाहेर येणार. मी प्रत्येक माणसाला थाप मारत होते. कोंबडीलाही मारली. मुलं हसत होती. बाबा म्हणाले, "अगं, एवढं नको, मला दिसतंय."

त्यांना खरंच वाटत होतं की दिसतंय. त्यामुळे ते नेहमीपेक्षा जोरात चालवत होते.

गिरीजला क्रूस आहे तिथे बस डावीकडे वळते. त्याच्या बऱ्याच आधीपासून एक मुलगी सायकलवरून आमच्या डाव्या अंगाने चालली होती. पिशवी हँडलला, दोन वेण्या. मी एक थाप मारली. बाबांनी मान हलवली, पण वेग तोच. वळण आलं, त्यांनी चाक डावीकडे घेतलं. मुलगी बस आणि क्रूसाच्या ओट्याच्या मधे. मी दोन्ही हातांनी पत्रा बडवला, आणि ओरडले असेन, मला माझा आवाज आठवत नाही. बस थांबली. सायकलीचं पुढचं चाक बसच्या पत्र्याला टेकलेलं होतं आणि ती ओट्यावर एक पाय ठेवून उभी होती.

"ओ काका, दिसत नाही काय?" ती म्हणाली. सायकल मागे घेतली आणि निघून गेली. तिच्यासाठी एवढंच झालं.

बाबांनी मला विचारलं, "कुठून आली ती?"

"चर्चच्या फाटकापासून आपल्या बाजूलाच होती."

 तिथून शाळेपर्यंत बाबांनी बस माणूस चालेल एवढ्या वेगाने नेली. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

मुलं उतरली. बाबा स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मी पुढच्या सीटवर बसले, आणि मला कळलं की आत्ता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"बाबा, बोर्डाखाली पुठ्ठा आहे."

"कसला?"

"मला वाटलं बोर्ड तिरका आहे. म्हणून उजवीकडून उचलला. तेव्हापासून तुमच्या डाव्या सोंगट्या जातात."

"कधीपासून?"

"गेल्या मंगळवारपासून. काल काढला होता, तेव्हा चारही चुकल्या. मग परत घातला."

मला वाटलं ते ओरडतील. ते काचेतून समोर बघत होते. "म्हणजे थेंबांनी नाही," ते म्हणाले.  "मी रोज तेच बघत होतो. तू तुझं गणित करत होतीस, मी माझा डोळा तपासत होतो. म्हटलं, बोर्ड खोटं बोलणार नाही."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "ती मुलगी. बस तिला लागली असती, तर बस किती वळली असती? तू ते करतेस ना?"

"अर्धा अंश."

त्यांनी स्टेअरिंग दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून दाखवलं. चाकं हलली नाहीत. "एवढा तर याला खेळच आहे," ते म्हणाले. "मला कळलंही नसतं."

मग त्यांनी किल्ली काढली, रुमालाने पुसली, का ते माहीत नाही, आणि ऑफिसात गेले. मी खिडकीतून पाहत होते. पायऱ्या चढताना ते डाव्या हाताने भिंत चाचपत होते. घरी असे ते कधी चालले नाहीत, किंवा मी पाहिलं नाही. परत आले तेव्हा हातात किल्ली नव्हती. एसटीने विरारला आलो. ते डावीकडच्या खिडकीपाशी बसले, मी त्यांना लागून.

आईला त्यांनीच सांगितलं. पुठ्ठ्याचं सांगितलं नाही.

शुक्रवार, १७ डिसेंबर

परळला आम्ही तिघं गेलो. काचबिंदू. डाव्या डोळ्याचं जेवढं गेलं ते परत येत नाही. डॉक्टर म्हणाल्या, असं हळूहळू जातं की माणसाला स्वतःला कळत नाही, दुसरा डोळा भरून काढतो. उजव्यातही सुरुवात आहे. थेंब आयुष्यभर, वेळ चुकवायची नाही. आई म्हणाली, "धुळीचे थेंब घालत होते हो." डॉक्टर बाबांना रागावल्या नाहीत, पण मला वाटलं रागावायला हवं होतं. मलासुद्धा.

लायसनचं काय ते बाबांनीच विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी मान डोलावली, जणू कोणीतरी पत्ता सांगितला.

पुतळाबाईंनी निधीच्या लग्नातले लाडू पाठवले, त्याबरोबर निरोप: "दादाला म्हनावं, मी आधीच बोलायला पायजे होतं." म्हणजे त्यांना माहीत होतं. आईलाही अर्धंमुर्धं माहीत होतं. प्रत्येकाने आपापला एक पुठ्ठा घातला होता.

रविवार, ६ फेब्रुवारी २०००

बरेच दिवस लिहिलं नाही. प्रिलिम झाली. तिरक्या टकरीचा प्रश्न आला होता, पूर्ण सोडवला. दहापैकी दहा. सरांनी पेपर वर धरून दाखवला. मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

शाळेने बाबांना मार्चपर्यंत गेटवर ठेवलंय. पुढचं माहीत नाही. सकाळी नवा ड्रायव्हर बस घेऊन येतो तेव्हा बाबा डाव्या बाजूला उभे राहून हाताने खूण करतात, येऊ दे, येऊ दे. पुतळाबाई सांगत होत्या.

मुंबईच्या डॉक्टरांकडे तीन महिन्यांनी जायचंय. तोवर बाबा रोज संध्याकाळी बोर्ड काढतात. डावीकडे आता आम्ही सोंगटी ठेवतच नाही. उजवीकडे खडूची खूण आहे, तीच जागा, तोच कट. मी रेघेला कोनमापक लावते.  ते रोज विचारतात, "किती?" रोज मला वाटतं, आज एखादा अंश इकडेतिकडे निघाला तर मी काय सांगेन. आणि मला माहीत आहे की मी काय सांगायला हवं.

आज मारली. सरळ आत. मोजला, पुन्हा मोजला. गणिताबरोबर जुळला. "बरोबर आहे, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी मान डोलावली. मग ते खुर्चीवरून उठले, स्टुलापाशी वाकले, आणि बोर्डाच्या एकेका कोपऱ्याखाली बोटं घालून चाचपत गेले. मी बाजूला सरकून त्यांना जागा दिली. चारही कोपरे झाल्यावर ते परत बसले, हाताची पावडर झटकली आणि म्हणाले, "हां. आता लिही."